कपाची गोष्ट पोटात ठेवताना

२ मार्च, सोमवार. सकाळी सहा.

साक्षरता वर्गाच्या बाईंनी सांगितलंय, रोज पाच ओळी लिहायच्याच. आधी शब्द तोंडाने म्हणायचा, मग हाताने काढायचा, म्हणजे अक्षर सुटत नाही. लहानपणी दुसरीत शाळा सुटली ती सुटली, आता अडुसष्टाव्या वर्षी पुढे निघाले आहे, तर नियम मोडायचा नाही. म्हणून ही वेळ धरली. घर झोपलेलं असतं. माझी खाट बाहेरच्या खोलीत, प्लायवुडच्या पलीकडे मुलगा आणि सूनबाई, वर माळ्यावर नात. चिटपाखरू हलत नाही. माझं मी लिहायचं, माझं मीच वाचायचं.

आज पाच ओळी पुरणार नाहीत. काल मासोळी माझ्याजवळ येऊन बसली. मासोळी म्हणजे नात. सोळा वर्षांची, सारखी पाण्यात, म्हणून मी ठेवलेलं नाव. म्हणाली, "आजी, कोणाला सांगणार नसशील तर एक सांगू?"

मला जन्मात कोणी असं विचारलं नव्हतं. उलट माझ्याबद्दल, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं म्हणतात. कशावरून, तर जावेच्या कवळीची गोष्ट. ती मी फक्त दोघींना सांगितली होती. त्यातल्या एकीला कमी ऐकू येतं, म्हणून जरा मोठ्याने सांगावी लागली, एवढंच.

तर मासोळीला पॅड सोडून तो कप वापरायचा आहे. पाळीचा कप. मऊ सिलिकॉनचा, उलट्या घंटेसारखा. घडी घालून आत ठेवायचा, आत गेला की उघडतो, सगळं त्यात साठतं, सकाळ-संध्याकाळ ओतून धुवायचा. एकच कप कितीतरी वर्षं चालतो म्हणे. आम्ही कापडं धुवून चादरीच्या आड वाळत घातली, सूनबाईच्या वेळी पॅड आलं, हिच्या वेळी घंटा.

कारण असं, की २६ एप्रिलला तिच्या क्लबच्या टीमचं सिलेक्शन आहे. चारशे मीटर. मागच्या वर्षी नेमकी त्याच दिवशी पाळी आली. पॅड लावून पाण्यात उतरता येत नाही, पोर टॉवेल गुंडाळून काठावर बसून राहिली. यंदा बोटांवर मोजलं तर पुन्हा तीच तारीख. पुढच्या वर्षी वय उलटतं. म्हणजे काय ते आत्ताच. आणि आईला कळता कामा नये. सूनबाई मागे एकदा जाहिरात बघून म्हणाली होती, असलं काही आपल्या घरात नको. ती नाही म्हणाली की संपलं, क्लबच्या फॉर्मवर सही तिचीच लागते.

मी म्हटलं, बाळा, ही गोष्ट माझ्याबरोबरच जाईल.

आजपासून हूं की चूं नाही.

३ मार्च. सकाळी सहा.

सूनबाई काल दिवसभर गप्प होती. चहात साखर विसरली. शाळेची बस चालवते, पन्नास पोरांचा कलकलाट, डोकं चढणारच. तिला काय झालंय ते विचारणार होते, पण हल्ली मी कमी बोलायचं ठरवलं आहे.

५ मार्च. सकाळी सहा.

काल कप आणला. मासोळी लाजते, म्हणून मीच औषधाच्या दुकानात गेले. रस्ताभर वाक्य पाठ केलं. दुकानदार पोरगेलासा. मी ऐटीत म्हटलं, पाळीचा कप द्या. त्याने विचारलं, कोणासाठी. गुपित म्हणजे गुपित. मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याने माझ्या केसांकडे बघितलं, मग छताकडे बघितलं, आणि विचारलं, बाळंतपण झालं आहे की व्हायचं आहे, त्यावर साईज असते. मी म्हटलं, व्हायचं आहे.

मागे लायनीत आमच्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई उभ्या. रिटायर झाल्या तरी कान ड्युटीवरच. जिन्यात मला म्हणाल्या, अभिनंदन.

पण काही कळलं नसेल त्यांना.

६ मार्च. सकाळी सहा.

लपवण्याची जागा इथे लिहून ठेवते, नाहीतर मीच विसरेन. शिवणाच्या बटणांच्या डब्यात, तळाशी, काळ्या बटणांच्या खाली. तिथे कुत्रं फिरकत नाही.

७ मार्च. सकाळी सहा.

काल संध्याकाळी मुलाला एकदम काळं बटण पाहिजे झालं. वर्षानुवर्षं शर्टाला तीन बटणं असलेला माणूस. डबा उघडून बराच वेळ आत बघत बसला, मग म्हणाला, नको, राहू दे, आणि कान लाल करून गेला. थोडक्यात वाचले. जागा बदलली. आता माझ्या लोकरीच्या मोज्यात, डाव्या.

८ मार्च, रविवार. सकाळी सहा.

सूनबाई मनकवडी आहे की काय. काल जेवताना सहज म्हणाली, मोज्यात वस्तू ठेवू नये, लोकर चिकटते, स्वच्छ वस्तू स्वच्छ सुती पिशवीत ठेवावी. कोणी विषय काढला नव्हता. आणि माझ्या उशीजवळ नवीकोरी सुती पिशवी. मी म्हटलं, ही कशाला. म्हणाली, असू दे, तुमच्या चष्म्याला.

माझ्या चष्म्याला घर आहे. पण बरी आहे पिशवी. कपाला अगदी मापाची.

१० मार्च. सकाळी सहा.

काल दुपारी घरात कोणी नसताना कप पहिल्यांदा उकळला. वापरायच्या आधी उकळायचा असतो. चहाच्या पातेल्यात उकळला, पातेलं तीनदा घासलं, जागेवर पालथं घातलं. देवाला ठाऊक आणि मला ठाऊक.

त्याच दिवशी, सकाळी दहा.

आज चहा कोणीच प्यायलं नाही. मुलाला ॲसिडिटी, सूनबाईला उशीर, मासोळी तर एकदम दूध पिते म्हणाली. एवढा चहा. मी एकटीने संपवला, चांगला झाला होता.

११ मार्च. सकाळी सहा.

सूनबाईने काल नवीन छोटं पातेलं आणलं, झाकणासकट. शिवाय चहाचंही नवीन. जुनं कुठे गेलं विचारलं तर म्हणाली, भोक पडलं होतं. दोन बायका एका घरात राहून मला भोक दिसलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

१९ मार्च. सकाळी सहा.

लिहिण्यासारखं काही नाही. गुपित छान आहे. तरी एक तक्रार नोंदवते. हल्ली या घरात कोणाची झोप पुरी होत नाही. तिघंही जांभया देतात. मुलगा काल एका बाईंच्या मोरीत पाईप दुरुस्त करता करता भिंतीला टेकून झोपला म्हणे. प्लंबरने झोपलं तर पाणी कुठे जाईल. मोबाईल, दुसरं काय. माझ्यासारखं लवकर उठून शांत बसावं, तर नाही.

२४ मार्च, मंगळवार. सकाळी सहा.

मासोळीची तारीख जवळ आली. कप पुन्हा उकळायला ठेवला आहे, नव्या छोट्या पातेल्यात. पाच मिनिटं. तोवर लिहिते. दुकानातून आणलेल्या डबीत कागद आहे, त्यावर सगळं लिहिलंय, पण अक्षर मुंगीएवढं. बाई म्हणतात जोडाक्षराला घाबरायचं नाही. मी घाबरत नाही, फक्त त्याच्यापाशी थांबते. पलीकडे मुलगा खोकतो आहे. कधीचा खोकतो आहे. आता झोपेत बडबडायला लागला, गॅस, गॅस म्हणतो. लहानपणापासून त्याचं पोट हलकं, मी त्याला कितीदा सांगितलं जेवल्यावर लगेच आडवा होऊ नकोस, पण त्याचे वडील तसेच, हे तर जेवता जेवताच आडवे व्हायचे, एकदा माझ्या भावाच्या घरी

वास कसला येतोय

२५ मार्च. सकाळी सहा.

पाणी आटलं. कप पातेल्याच्या बुडाला बसला. काढायला गेले तर अर्धा आला. घरभर धूर. मी म्हटलं, कुकरची रिंग जळली. तिघंही दारात उभे होते, तिघांनीही लगेच मान डोलावली. अशी सरळ माणसं मिळायला भाग्य लागतं.

मासोळीला काय तोंड दाखवू. रडली नाही, एवढंच. मी म्हटलं, दुसरा आणते. पण त्या पोरग्या दुकानदाराकडे पुन्हा जायचं, आणि तो विचारणार, पहिल्याचं काय झालं.

२६ मार्च. सकाळी सहा.

काय योग बघा. काल नर्सबाई स्वतः वर आल्या आणि बंद डबी हातात ठेवली. म्हणाल्या, कोणीतरी दिला, माझ्या काय कामाचा, तुमचं व्हायचं आहे ना अजून. साईजही तीच. योगायोग म्हणतात तो हा. सूनबाई दारातच होती, पण तिने बघितलं नाही, मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

२९ मार्च, रविवार. सकाळी सहा.

काल आली पाळी. माझी शिकवणी सुरू झाली. मासोळी बाथरूममध्ये, मी बाहेर स्टुलावर, कागद हातात. मी वाचायचं, तिने करायचं. पहिलं वाक्य निर्जंतुक. निर्जंतुक या शब्दापाशी आमची दहा मिनिटं गेली. मग घडी. घडीचे तीन प्रकार दिले आहेत, मी तिन्ही वाचले. चाळीस मिनिटांनी बाहेर आली ती डोळे पुसत. म्हणाली, "माझ्याकडून नाही होणार, आजी. जाऊ दे. यंदाही बसते काठावर."

मी म्हटलं, सुईत दोरा पहिल्याच झटक्यात जातो का. पण तिने पॅड लावलं आणि माळ्यावर गेली. रात्री जेवली नाही. माझं शिकवण्यात चुकलं असं मला वाटत नाही. कागद अवघड आहे. पण ते काठावर बसते म्हणाली, ते काही डोक्यातून जात नाही.

३० मार्च. सकाळी सहा.

काल सूनबाई एकदम म्हणाली, उद्या मी रजा टाकते, हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणते. दहा वर्षांत रजा टाकली नाही या बाईने. नेमकी आज. माझ्या शिकवणीचा खोळंबा.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

मायलेकी दुपारी परत आल्या. चष्मा नाही. डोळे उत्तम आहेत म्हणे. मासोळी हसत होती. बाथरूममध्ये गेली, पाच मिनिटांत बाहेर, आणि माझ्या कानात म्हणाली, "आजी, जमलं."

जमणारच. मी वाचलेलं कालपर्यंत डोक्यात मुरत होतं, आज उतरलं. शिकवणाऱ्याला धीर पाहिजे. आणि आईला पत्ताही नाही. मला तर नाचावंसं वाटलं, गुडघ्यामुळे नाचले नाही.

३१ मार्च. सकाळी पावणेसहा.

घोटाळा. मासोळीने पाचलाच उठवलं. कप निघत नाही. ओढते आहे, येत नाही. आतच राहणार म्हणते. बाथरूममध्ये आहे. कागदाची ती बाजू पातेल्याबरोबर जळली. नर्सबाईंना उठवू का. गुपित फुटेल. घाबरले की मी लिहिते, म्हणून लिहिते आहे. ओढून ओढून रडते आहे पोर. देवा.

त्याच दिवशी, सकाळी आठ.

निघाला. सांगते कसा.

मी लिहून पेन ठेवतेय तोवर मुलगा उठून बाहेर आला. कधी सातच्या आत न उठणारा. बाथरूमच्या दाराशी खुर्ची ओढून बसला, पाठ दाराकडे, आणि भिंतीकडे बघून मोठमोठ्याने बोलायला लागला. म्हणे, "रबराचा पंप सिंकला चिकटला ना, की लोक ओढत बसतात. ओढायचं नसतं. आत व्हॅक्यूम धरलेला असतो. बूड दोन बोटांनी दाबायचं, कडेने हवा आत जाते, मग हळूच हलवत घ्यायचं. घाई नाही. कधीही काहीही कायमचं अडकत नाही. बावीस वर्षांत माझं एकही अडकलेलं नाही."

मी त्याला झापलं. म्हटलं, सकाळी उठून मोरीच्या गोष्टी कसल्या सांगतोस, तोंड धू. तो म्हणाला, सहज आठवलं. आत एकदम शांत झालं. मग पाणी सोडल्याचा आवाज. मग मासोळी हसायला लागली, आणि हसतच राहिली.

माझ्या मते ती माझ्या जवळ असण्याने धीट झाली. मुलाच्या बडबडीचा योगायोग.

१२ एप्रिल. सकाळी सहा.

सूनबाईने फॉर्मवर सही केली. बिचारी. आपण कशावर सही करतोय हे तिच्या गावीही नाही. मला वाईट वाटलं, पण मासोळीला वचन दिलंय. माझा नवा संकल्प: सिलेक्शन झालं, की त्याच दिवशी जेवताना मीच सगळं सांगायचं. पहिल्यापासून. सूनबाईचं तोंड उघडंच राहील. नंतर म्हणेल, आई, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. मी म्हणेन, असू दे गं.

भाषण तयार करते आहे. अर्धं झालं.

१८ एप्रिल. सकाळी सहा.

भाषण पूर्ण. शेवटी थोडं रडायचं की नाही ते ठरवायचं आहे.

१९ एप्रिल. सकाळी सहा.

मासोळी म्हणते, आजी, भाषण छोटं कर. मी तिला भाषणाचं सांगितलंच नव्हतं. बुद्धिमान मुलगी आहे, माझ्यावर गेली.

२५ एप्रिल, शनिवार. सकाळी सहा.

आली. एक दिवस आधीच. मासोळी शांत, मलाच धडधडतंय. उद्या बरोबर न्यायची पिशवी भरली: पॅडची दोन पाकिटं, काळा टॉवेल, अर्धा कागद. लागलंच तर.

२६ एप्रिल, रविवार. दुपारी चार.

पिशवी उघडली नाही.

आठ पोरी ओळीने उभ्या, शिट्टी झाली, आणि आमची मासोळी पाण्यात गेली. निळ्या टोपीवरून ओळखायचं. मी मध्येच डोळे मिटले. उघडले तर सूनबाईने माझा हात धरलेला, इतका घट्ट की बोटं पांढरी. सोळा फेऱ्या. चौघींना घेतात, आमची तिसरी आली. बाहेर येऊन ओल्या अंगानेच मला बिलगली, माझा ब्लाउज भिजला, भिजू दे.

घरी येऊन जेवायला बसलो. मी घसा खाकरला आणि भाषण सुरू केलं. म्हटलं, आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे, जी मी आठ आठवडे पोटात ठेवली. कोणी घास थांबवला नाही. मी कपापर्यंत आले, तरी नाही. मुलाने तर मला मीठ पुढे करायला सांगितलं.

मी म्हटलं, सूनबाई, तू ऐकते आहेस ना. ती म्हणाली, "आई, मला माहीत आहे." मी म्हटलं, कधीपासून. ती म्हणाली, "दोन मार्चपासून. सकाळी सहापासून."

मला समजेना. मग मासोळीच म्हणाली, आजी, तू लिहिताना म्हणतेस ना. मोठ्याने. एक एक अक्षर.

मी म्हटलं, पण तुम्ही सगळे झोपलेले असता. मुलगा म्हणाला, "असायचो."

मग हळूहळू एकेक उलगडत गेलं. पिशवी चष्म्याची नव्हती. डॉक्टर डोळ्यांच्या नव्हत्या. नर्सबाईंना डबी घेऊन सूनबाईनेच वर पाठवलं होतं. मासोळीलाही माळ्यावर सगळं ऐकू यायचं, पण आईबाबा झोपेत असतात असं तिला वाटायचं; तेही जागे असतात हे तिला त्या डॉक्टरच्या दिवशी कळलं, पण तिने मला सांगू दिलं नाही. म्हणाली, आजीला केवढा आनंद झालाय गुपिताचा, राहू दे. म्हणजे चार आठवडे आख्ख्या घराने माझं गुपित माझ्यापासून लपवलं. आणि एकाच्याही तोंडून फुटलं नाही. या लोकांना मी सरळ समजत होते.

मला रडू आलं. ठरवलेलं नव्हतं ते. भाषणाचा तो भाग मी शेवटी गाळला होता. मी म्हटलं, पोरीने जन्मात एकदा माझ्यावर विश्वास टाकला, आणि मी भोंगा लावला.

सूनबाई माझं ताट उचलायला वाकली आणि हळूच म्हणाली, "पहिल्या दिवशी मला फार लागलं, आई. मला सोडून तुम्हाला सांगितलं म्हणून. पण मग रोज सहाला तिच्या मनातलं मला ऐकू यायला लागलं. ती मला एवढं कधी सांगते. तुम्ही वाचलं नसतं तर मी नाहीच म्हणाले असते."

मासोळी ऐकत होती. उठून आईच्या पाठीला जाऊन चिकटली. मी दुसरीकडे बघितलं. मलाही कधीकधी न बघितल्यासारखं करता येतं.

२७ एप्रिल, सोमवार. सकाळी सहा.

ओठ मिटून लिहिते आहे. पहिल्यांदाच. तोंडात रुमालाचं टोक धरलंय. दोन ओळींना अर्धा तास.

त्याच दिवशी, संध्याकाळी पाच.

आज घरातले सगळे आठपर्यंत झोपले. गजर लावायची सवय मोडली होती म्हणे, माझ्यावरच उठायचे. सूनबाईची बस पाऊण तास उशिरा निघाली, पन्नास पोरं फाटकाशी उभी. मुलाला दोन घरांतून फोन. पण एकाच्याही डोळ्याखाली काळं नव्हतं. सगळे कसे टवटवीत. इतके दिवस मी त्यांना मोबाईल मोबाईल म्हणत होते.

घराचा ठराव झाला. उद्यापासून पुन्हा मोठ्याने लिहायचं, पण सहाला नाही, सव्वासहाला.

शाळेतून आल्यावर मासोळी खाटेवर येऊन बसली. म्हणाली, आजी, अजून एक गोष्ट आहे, पण आधी वही बंद कर. मी बंद केली, पेनही तिच्याकडे दिलं. तिने सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. एक अक्षरही नाही. आता मी शिकले.

मघाशी खालून येताना जिन्यात नर्सबाई भेटल्या. त्यांना मी काही म्हणजे काही सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हटलं, की एक आहे, पण सांगता येणार नाही. त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा मान हलवली. चौथ्यांदा विचारायच्या आत त्यांचा मजला आला, ते बरं झालं.